पहिलं महायुद्ध कामून झालं: यादी पाठ न करता कारणं काढायची पद्धत

हे आपल्या अभ्यासिकेतल्या पोरापोरींसाठी लिहितोय, बाकी कुणाच्या कामाला आलं तर चांगलंच आहे. जीएस वनला (यूपीएससी मुख्य परीक्षेतला सामान्य अध्ययनाचा पहिला पेपर) जागतिक इतिहासाचा प्रश्न आला आणि त्यात पहिलं महायुद्ध निघालं की जवळपास सगळ्यांची उत्तरं सारखीच असतात, साम्राज्यवाद, लष्करवाद, गुप्त करार, आक्रमक राष्ट्रवाद, मग तात्कालिक कारण म्हणून सारायेवोचा खून (बोस्नियातल्या या शहरात ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारलं तो), खाली दोन ओळीचा समारोप, झालं. औरंगपुऱ्यातून कुठलंबी गाईड उचला, यादी हीच. यादीत खोटं काही नाही. अडचण अशी आहे की ही सगळी कारणं १९०५ ला पण होती, १९०८ ला होती, १९११ ला तर जास्तच होती आणि तरी तेव्हा युद्ध झालं नाही. मग १९१४ लाच कामून झालं? याला यादीत उत्तर नाही, आणि पेपर तपासणारा नेमकं तेच शोधत बसलेला असतो.

म्हणून माझं म्हणणं असं की सुरुवात सारायेवोपासून करायचीच नाही. सुरुवात करायची न झालेल्या युद्धांपासून. दहा वर्षांत युरोप चार-पाच वेळा युद्धाच्या तोंडाशी जाऊन परत आला, ते प्रत्येक वेळी कसं टळलं आणि टळल्यावर कोण काय मनात धरून घरी गेलं, हे काढलं की राजकीय कारणं आपोआप हातात येतात, पाठ करायची गरजच पडत नाही.

आधी नकाशे

दोन नकाशे प्रिंट मारून घ्या, एक १९१२ च्या आधीचा बाल्कनचा (म्हणजे आग्नेय युरोपचा) आणि एक १९१३ नंतरचा. मोबाईलवर बघू नका, झूम केलं की शेजारी कोण आहे तेच दिसत नाही. पहिल्या नकाशात तुर्की ऑटोमन साम्राज्य पार अल्बेनियापर्यंत म्हणजे ॲड्रियाटिक समुद्राला जाऊन भिडलेलं दिसल, सर्बिया मधोमध अडकलेला, चारी बाजूनं जमीन, आणि सर्बिया आणि मॉन्टेनेग्रोच्या मधे एक अरुंद पट्टा, त्याला नोवी पाझारचा संजाक म्हणतात. दुसऱ्या नकाशात ऑटोमन युरोपातून जवळपास गायब, सर्बिया जवळजवळ दुप्पट, तो मधला पट्टा सर्बिया-मॉन्टेनेग्रोनं वाटून घेतलेला, आणि समुद्राकडं सर्बियाची वाट अडवायला अल्बेनिया नावाचा कोराकरकरीत देश. हे दोन नकाशे शेजारी ठेवून पाच मिनिटं नुसतं बघत बसा. व्हिएन्नाच्या म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राजधानीच्या पोटात गोळा कामून आला ते कुणी सांगायची गरज नाही.

अजून एक, या टप्प्यावर युरोपच्या नकाशावर दोन गटांचे दोन रंग मारू नका. सगळे क्लासवाले आधी तेच करायला लावतात, इकडं जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, इटली लाल, तिकडं फ्रान्स, रशिया, इंग्लंड निळे. रंग मारले की डोकं तिथंच बंद पडतं, वाटतं दोन टीम ठरलेल्याच होत्या, फक्त शिट्टी वाजायची बाकी होती. तसं नव्हतं, पुढं येईल ते.

मग तक्ता, पाच कॉलमचा

वहीचं पान आडवं धरा. वर्ष, भांडण कशावरून, माघार कुणी घेतली, कामून घेतली, आणि माघार घेतल्यावर त्यानं घरी जाऊन काय केलं. हा पाचवा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा आहे, तो गाईडात कुठंच मिळत नाही, तुम्हालाच भरावा लागतो.

पहिली ओळ १९०५ ची, मोरोक्को. फ्रान्सला मोरोक्को गिळायचा होता आणि १९०४ ला इंग्लंडसोबत त्यांची समजूत पण झाली होती. ३१ मार्च १९०५ ला जर्मन कैसर म्हणजे सम्राट विल्हेल्म मोरोक्कोच्या टँजियर बंदरात उतरला आणि सुलतान स्वतंत्र आहे म्हणून सांगून आला. मोरोक्कोशी त्याला फार देणंघेणं नव्हतं, इंग्लंड-फ्रान्सची नवी दोस्ती तुटते का ते बघायचं होतं. १९०६ ला अल्जेसिरास या स्पॅनिश गावात परिषद बसली आणि तिथं मोठ्या देशांपैकी जर्मनीच्या बाजूनं एकटा ऑस्ट्रिया-हंगेरी उभा राहिला. पाचवा कॉलम: दोस्ती तुटायच्या ऐवजी घट्ट झाली, इंग्लंड-फ्रान्सच्या सैन्य अधिकाऱ्यांची गुपचूप बोलणी सुरू झाली, आणि हे इंग्लंडच्या बहुतेक मंत्र्यांना पुढं बरीच वर्षं माहितीच नव्हतं. जर्मनीनं मनात काय धरलं? आपल्याला घेरायला लागलेत.

दुसरी ओळ १९०८, बोस्निया. इथं जरा थांबा, ही ओळ लई कामाची आहे. १८७८ च्या बर्लिन काँग्रेसनं (मोठ्या देशांची परिषद) बोस्निया-हर्जेगोविना ऑस्ट्रिया-हंगेरीला कारभार करायला दिला होता पण कागदावर मालक तुर्की सुलतानच. १९०८ ला ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री एरेन्थाल आणि रशियाचा इझवोल्स्की, दोघं बुखलाव नावाच्या वाड्यात बसले आणि ठरवलं की तुम्ही बोस्निया घ्या, आम्हाला काळ्या समुद्रातून आमच्या लढाऊ जहाजांना वाट मिळवून द्या. इझवोल्स्की बाकी देशांची संमती मिळवत युरोपभर फिरतोय तोपर्यंत इकडं ऑस्ट्रियानं बोस्निया ताब्यात घेतल्याचं जाहीरच करून टाकलं. रशियाच्या हातात भोपळा. सर्बिया पेटला कारण बोस्नियातल्या सर्बांवर त्यांचा डोळा होता. मार्च १९०९ ला जर्मनीनं रशियाला जवळजवळ धमकीच दिली की हे मान्य करा नसता पुढचं तुम्ही बघा. रशिया १९०४-०५ ला जपानकडून मार खाऊन आलेला, १९०५ ची क्रांती सोसलेला, गप बसला. सर्बियाकडून तर चांगल्या शेजाऱ्यासारखं वागू असं लिहून घेतलं.

आता पाचवा कॉलम भरा. रशियानं सैन्य नव्यानं उभं करायला घेतलं आणि पुन्हा असं वाकायचं नाही हे तिथल्या दरबारात पक्कं झालं. सर्बियात सरकारनं लिहून दिलं पण सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी १९११ ला एक गुप्त संघटना काढली, काळा हात नावानं जी ओळखली जाते, तिचा म्होरक्या ॲपिस म्हणजे पुढं सर्बियाच्या लष्करी गुप्तचर खात्याचा प्रमुख. आणि व्हिएन्ना-बर्लिननं काय शिकून घेतलं? की दम दिला की रशिया माघार घेतो. १९१४ च्या जुलैमधी हाच हिशोब त्यांनी परत मांडला, फक्त रशिया आता १९०९ चा नव्हता.

तिसरी, १९११, परत मोरोक्को. जर्मनीनं पँथर नावाची गनबोट अगादिर बंदरात पाठवली, इंग्लंडचा अर्थमंत्री लॉईड जॉर्जनं भाषणातून खणखणीत इशारा दिला, शेवटी जर्मनीला फ्रेंच काँगोचा एक तुकडा देऊन मिटवलं. जर्मनीतल्या पेपरवाल्यांनी स्वतःच्याच सरकारला धुतलं. ही ओळ लवकर उरका, पण एक साखळी सोडू नका: फ्रान्सला मोरोक्को मिळतोय म्हटल्यावर इटलीनं लगेच १९११ लाच तुर्कांच्या लिबियावर हल्ला केला, तुर्क तिकडं अडकलेत बघून बाल्कनमधल्या चार छोट्या देशांनी, सर्बिया, बल्गेरिया, ग्रीस, मॉन्टेनेग्रो, १९१२ च्या ऑक्टोबरात तुर्कांवर धाड टाकली. आफ्रिकेतलं भांडण दीड वर्षात ऑस्ट्रियाच्या अंगणात. साम्राज्यवाद हे कारण असं लिहायचं असतं, नुसतं वसाहतींसाठी स्पर्धा होती म्हणून सोडून द्यायचं नसतं.

चौथी ओळ १९१२-१३, बाल्कन युद्धं. सर्बियाला समुद्र पाहिजे होता, ऑस्ट्रिया म्हणाला मेलो तरी देणार नाही. यावेळी इंग्लंडचा परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यानं लंडनला सगळ्या राजदूतांना बसवलं आणि अल्बेनिया वेगळा करून मिटवलं, जर्मनीनं पण ऑस्ट्रियाला आवरलं, रशियानं सर्बियाला. म्हणजे १९१४ च्या फक्त एक वर्ष आधी दोन्ही गट आपापल्या माणसाला धरून ठेवत होते, हे लक्षात ठेवा. मग ऑक्टोबर १९१३ ला सर्बियन सैन्य परत अल्बेनियात घुसलं, ऑस्ट्रियानं यावेळी परिषद-बिरिषद काही मागितली नाही, थेट अल्टिमेटम (मुदत घालून शेवटचा इशारा) दिला आणि सर्बिया निघून गेला.

पाचव्या कॉलममधी इथं जे लिहाल ते तुमच्या उत्तराचा मणका आहे. व्हिएन्नाचा धडा: परिषदेत बसलं की आपलं नुकसान होतं, अल्टिमेटम दिला की काम होतं. रशियाचा धडा: आपण दोनदा सर्बियाला मागं ओढलं, आता तिसऱ्यांदा ओढलं तर बाल्कनमधी आपल्याला कुत्रं विचारणार नाही. जर्मनीचा धडा: आपण ऑस्ट्रियाला आवरलं म्हणून तो नाराज आहे आणि आपल्याकडं खरा मित्र म्हणावा असा तो एकटाच आहे.

आता पाचवा कॉलम वरून खाली एकदम वाचा. शांतता प्रत्येक वेळी टिकली, पण प्रत्येक वेळी कुणीतरी अपमान गिळून टिकली, आणि १९१४ येईस्तोवर गिळायला तयार असलेलं कुणी उरलं नव्हतं. मूळ राजकीय कारण म्हणून मला एकच वाक्य लिहायला सांगितलं तर मी हेच लिहीन.

मग राजधान्या फिरा

तक्ता झाला की प्रत्येक राजधानीला दोनच प्रश्न विचारा. बाहेरून भीती कशाची? घरात डोकेदुखी कसली? दुसरा प्रश्न पोरं विचारतच नाहीत, आणि राजकीय कारणं अर्धी तिथंच दडलेली आहेत.

व्हिएन्नापासून सुरू करा आणि तिथं सगळ्यात जास्त वेळ घालवा. ऑस्ट्रिया-हंगेरी हा ५ कोटींच्या आसपास लोकांचा देश, त्यात जर्मन, हंगेरियन, चेक, पोल, क्रोएट, सर्ब, रोमेनियन, स्लोव्हाक, युक्रेनियन, स्लोव्हेन, इटालियन. १८६७ पासून कारभार दोन तुकड्यात, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट, आणि दोघांचं एकमत व्हायला वर्षं लागायची. राजा फ्रान्झ जोसेफ ८३ वर्षांचा. यांना भीती कशाची, तर शेजारचा सर्बिया आमच्यातल्या स्लाव लोकांना (सर्ब, क्रोएट वगैरे) ओढून घेईल आणि देशच फुटेल. सरसेनापती कॉनराडनं एकट्या १९१३ सालात २० पेक्षा जास्त वेळा सर्बियावर चाल करा म्हणून लावून धरलं होतं. आणि गंमत बघा, ज्याचा सारायेवोत खून झाला तो युवराज फ्रान्झ फर्डिनांड हा युद्धाच्या विरोधातला माणूस होता, कॉनराडला आवरणारा. खून करणाऱ्या प्रिन्सिपच्या गोळीनं युद्धाला निमित्त तर दिलंच, पण दरबारातला युद्ध अडवणारा माणूस पण काढून टाकला. हंगेरीचा पंतप्रधान टिसा पण सुरुवातीला युद्धाला नाही म्हणत होता, कारण अजून स्लाव लोक देशात घ्यायची त्याला हौस नव्हती. १४ जुलैपर्यंत तो पण वळला. म्हणून उत्तरात ऑस्ट्रियाला युद्ध हवं होतं असं सरसकट लिहू नका, कुणाला हवं होतं, कुणाला नको होतं, कधी वळले ते लिहा.

बर्लिन. बाहेरची भीती म्हणजे दोन्हीकडून घेराव. १८७१ ला जर्मनीनं फ्रान्सकडून अल्सास-लोरेन घेतलं तेव्हापासून फ्रान्स कायमचा दुश्मन, हे तेव्हाचा चॅन्सेलर म्हणजे पंतप्रधान बिस्मार्कला माहिती होतं म्हणून त्यानं रशियाला कधी फ्रान्सकडं जाऊ दिलं नाही, १८८७ ला रशियाशी गुप्त करार करून ठेवला. १८९० ला नव्या कैसरनं बिस्मार्कला घरी बसवलं, तो करार पुढं चालू ठेवला नाही, आणि चार वर्षाच्या आत फ्रान्स-रशिया एक झाले. त्यात परत १८९८ पासून आरमारमंत्री टिर्पिट्झनं वाढवलेलं आरमार, म्हणजे जमिनीवर दोन दुश्मन होतेच, समुद्रावर इंग्लंडला पण मुद्दाम उठवून घेतलं. घरातली डोकेदुखी, १९१२ च्या निवडणुकीत समाजवादी पक्ष ३९७ पैकी ११० जागा घेऊन सगळ्यात मोठा झाला, पण सरकार संसदेला जबाबदारच नव्हतं, चॅन्सेलर कैसरच्या मर्जीवर. संसदेनं १९१३ च्या डिसेंबरात चॅन्सेलर बेथमान हॉलवेगवर अविश्वास दाखवला तरी तो खुर्चीवर तसाच. म्हणजे सेनापती काय ठरवतात त्याला लगाम घालणारं कुणी नाही, राजकीय कारण म्हणून हे ठळक लिहा. आणि सेनापतींचा हिशोब असा होता की रशियाचा सैन्यवाढीचा मोठा कार्यक्रम १९१७ ला पूर्ण होतोय, फ्रेंच कर्जातून पोलंडकडं रेल्वे टाकल्या जातायत, युद्ध व्हायचंच असेल तर आत्ता झालेलं बरं. उद्या आपण कमजोर होऊ या भीतीनं आज हात उचलायचा.

पीटर्सबर्ग, रशियाची तेव्हाची राजधानी: बाहेरची भीती म्हणजे कॉन्स्टँटिनोपलची सामुद्रधुनी. रशियाच्या गव्हाचा मोठा भाग तिथूनच बाहेर जायचा, आणि १९१२ ला इटलीच्या युद्धात तुर्कांनी ती काही दिवस बंद केली तेव्हा रशियाचा गळा आवळल्यासारखा झाला. १९१३ च्या शेवटी एक जर्मन जनरल, लिमान फॉन सँडर्स, नेमका तिथंच तुर्की सैन्याचा वरिष्ठ होऊन बसला. घरात संप, जुलै १९१४ मधी खुद्द राजधानीत कामगार रस्त्यावर.

पॅरिस पटकन उरका: अल्सास-लोरेन आहेच, पण त्याच्यासाठी १९१४ ला कुणी मरायला निघालं नव्हतं, खरी भीती रशिया सोडून गेला तर जर्मनीसमोर एकटं पडायची. म्हणून राष्ट्राध्यक्ष पोंकारे २० ते २३ जुलै रशियात जाऊन आम्ही सोबत आहोत सांगून आला, आणि ऑस्ट्रियानं मुद्दाम तो बोटीवर चढायची वाट बघून अल्टिमेटम दिला.

लंडन मात्र नीट बघा कारण आपला संबंध तिथून येतो. २४ जुलैला मंत्रिमंडळ आयर्लंडच्या जिल्ह्यांच्या हद्दींवर डोकं खाजवत बसलं होतं, मिटिंग संपत आली तेव्हा ग्रेनं ऑस्ट्रियाचा अल्टिमेटम वाचून दाखवला, तोपर्यंत युरोपकडं कुणाचं फार लक्षच नव्हतं. इंग्लंडचा फ्रान्सशी कुठलाही लढायचा करार नव्हता. मग ते उतरले कामून? बेल्जियम हे जाहीर कारण, १८३९ च्या करारानं त्याच्या तटस्थतेची हमी घेतलेली. पण आतलं कारण निम्मं तरी हिंदुस्थान होतं. १९०७ ला इंग्लंडनं रशियाशी समझोता केला तो इराण, अफगाणिस्तान आणि तिबेटवरून, म्हणजे हिंदुस्थानच्या वेशीवरून. रशियाला नाराज केलं तर तो परत अफगाणिस्तानकडं सरकेल ही धास्ती परराष्ट्र खात्यात होती. त्यामुळं आपला काय संबंध असं जे क्लासमधी विचारतात त्यांना सांगा, आपण कारणांमधीच आहोत.

परिणामात तर आहोतच. ४ ऑगस्टला लंडननं युद्ध जाहीर केलं की हिंदुस्थान पण युद्धात, कुणाला विचारायचा प्रश्नच नाही. आपली औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात. नोव्हेंबरात तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूनं उतरला, खलिफानं म्हणजे तुर्की सुलतानानं जिहादची हाक दिली, तेव्हा निजाम मीर उस्मान अली खाननं मुसलमानांनी इंग्रजांशीच इमान ठेवावं असं फर्मान काढलं, आणि निजामाचं घोडदळ हैदराबाद लान्सर्स सुएझ आणि पॅलेस्टाईनला जाऊन तुर्कांविरुद्ध उभं राहिलं. दिल्लीच्या तीन मूर्ती या युद्धस्मारकातली एक मूर्ती हैदराबादची आहे, बाकी दोन जोधपूर आणि म्हैसूरच्या. इतिहास ऑप्शनल असलेल्यांनी हा दुवा टाकाच, मराठवाड्याच्या पोरानं नाही टाकायचा तर कुणी टाकायचा.

बेलग्रेडला म्हणजे सर्बियाला सगळे खलनायक करतात नसता बिचारा करतात. पंतप्रधान पाशिचला युद्ध नको होतं, दोन युद्धांनी तिजोरी रिकामी झाली होती, पण ॲपिससारखे अधिकारी त्याच्या ऐकण्यातले नव्हते. १९०३ ला याच टोळीतल्या लोकांनी स्वतःच्या राजाराणीला राजवाड्यात घुसून मारलं होतं, त्यांना पंतप्रधान काय सांगणार.

करार या शब्दाची परीक्षा घ्या

आता ते दोन रंग. रंग मारायच्या आधी एक यादी करा: लढायला लेखी बांधलेला कोण होता आणि तो उतरला का. इटली १८८२ पासून जर्मनी-ऑस्ट्रियाच्या गटात, ऑगस्ट १९१४ ला तटस्थ राहिला आणि मे १९१५ ला उलट ऑस्ट्रियावरच चालून गेला. रोमेनिया १८८३ पासून त्याच गटाशी गुप्तपणे बांधलेला, राजा स्वतः जर्मन घराण्यातला, तरी तटस्थ. उलट रशिया सर्बियाशी कुठल्याच लष्करी करारानं बांधलेला नव्हता, तरी उतरला. म्हणजे करारांनी आपोआप सगळ्यांना ओढलं ही जी ओळ प्रत्येक गाईडात आहे ती जशीच्या तशी लिहू नका. ज्याला त्यात स्वतःचं मरण दिसलं तो करार नसताना पण गेला, ज्याला दिसलं नाही त्यानं करारातली पळवाट शोधली, इटली म्हणालाच की आपला करार बचावाचा आहे आणि इथं ऑस्ट्रियानं सुरुवात केली. असं लिहिलं की करारांचा मुद्दा खोटा पडत नाही, उलट नेमका बसतो.

शेवटचे पाच आठवडे तारखांनी वाचा

मूळ कारणं म्हटलं म्हणून जुलै सोडून देऊ नका, मूळ कारणं काम कशी करतात ते तिथंच दिसतं. २८ जून खून. ५ जुलैला जर्मनीनं ऑस्ट्रियाला कोरा चेक दिला, तुम्ही काय करायचं ते करा. मग तब्बल अडीच आठवडे काहीच नाही, आणि २३ जुलैला संध्याकाळी ६ वाजता १० मागण्यांचा अल्टिमेटम, ४८ तास. सर्बियानं जवळजवळ सगळं मान्य केलं, ऑस्ट्रियन अधिकारी सर्बियात येऊन तपासात भाग घेतील हे सोडून. ऑस्ट्रियाच्या राजदूतानं २५ ला उत्तरावर नजर टाकली आणि अर्ध्या तासात सामान घेऊन गाडीत बसला, सामान आधीच बांधलेलं होतं. १९१३ चा धडा आठवा, परिषद नको, अल्टिमेटम. २८ ला युद्ध जाहीर. आणि त्याच दिवशी सकाळी कैसरनं सर्बियाचं उत्तर पहिल्यांदा नीट वाचलं आणि म्हणाला आता युद्धाचं कारणच उरलं नाही!

२९ च्या रात्री झारनं पूर्ण सैन्य हलवायचा हुकूम कैसरची तार आल्यावर मागं घेतला, हे दोघं नात्यातले, एकमेकांना विली आणि निकी म्हणून तारा करायचे. ३० ला दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोवनं त्याला परत तयार केलं, कारण सेनापती म्हणत होते अर्धवट सैन्य हलवायची सोयच नाही. १ ऑगस्टला बर्लिनमधी हेच उलट्या बाजूनं. इंग्लंड कदाचित बाजूला राहील अशी तार आली, कैसर खूश, म्हणाला मग सगळं सैन्य पूर्वेकडं रशियावर पाठवा. सेनापती मोल्टके म्हणाला जमणार नाही, सगळा प्लॅन फ्रान्सकडं जाणाऱ्या हजारो गाड्यांच्या टाईमटेबलवर बांधलाय. हे पोरांना पटत नाही, राजा म्हणतोय तर गाड्या वळवायला काय जातंय. मी त्यांना म्हणतो, मनमाडवरून आपल्याकडं येताना सिंगल लाईनवर क्रॉसिंगला तास-तास उभे राहता ना, एक गाडी लेट झाली की पार नांदेडपर्यंत सगळ्यांचं वेळापत्रक बोंबलतं, आता तशा हजारो गाड्या उलट्या तोंडानं फिरवून बघा.

मुद्दा असा की निर्णय राजकारण्यांच्या हातातून सेनापतींच्या टाईमटेबलात गेला, आणि तो गेला कारण बर्लिन आणि पीटर्सबर्गमधी सेनापतींना विचारणारी ताकदवान संसदच नव्हती. लष्करवाद या शब्दाखाली हे लिहा, तोफा आणि जहाजांचे आकडे नको.

प्रश्न जबाबदार कोण असा आला तर

१९१९ च्या व्हर्साय तहाचं कलम २३१ घ्या, त्यात झालेल्या नुकसानीची जबाबदारी जर्मनी आणि त्याच्या मित्रांवर टाकली. पण लगेच पुढं लिहा की तो निकाल जिंकणाऱ्यांचा होता. गंमत म्हणजे १९६१ ला एका जर्मन प्राध्यापकानंच कागदपत्रं काढून जर्मनीचाच दोष मोठा आहे म्हणून मांडणी केली आणि तिकडं मोठा गदारोळ झाला, अजून एकमत नाही. माझं स्वतःचं मत, सगळे सारखेच दोषी हे लिहायला सोपं आहे पण बरोबर नाही. कोरा चेक देणारा आणि परिषद टाळणारा यांचा वाटा जास्त. पटत नसेल तर उलट लिहा, पण तारीख देऊन लिहा.

आणि युद्ध अटळ होतं का असा प्रश्न आला, हल्ली असेच येतात, तर तक्ता सरळ उतरवा. १९०६, १९०९, १९११, १९१३ चार वेळा टळलं म्हणजे अटळ नव्हतं. पण प्रत्येक वेळी टाळायचा मार्ग एकेकानं बंद करून टाकला, जर्मनीनं अल्जेसिरासनंतर परिषदेवरचा विश्वास, रशियानं १९०९ नंतर माघार, ऑस्ट्रियानं १९१३ नंतर बोलणी. हे तीन मुद्दे तीन परिच्छेद, प्रत्येकात एक तारीख एक नाव, बाजूला छोटा बाल्कनचा नकाशा, आणि नकाशात अल्बेनिया नक्की दाखवा, बहुतेक जण तो सोडून देतात आणि मग सर्बियाला समुद्र का मिळाला नाही हे नकाशावरून कळतच नाही.